मूळ देशाचा दाखला

बॅलार्ड इस्टेटच्या चौथ्या मजल्यावर
माझ्या टेबलाशी रोज एकच प्रश्न येतो:
माल मूळचा कुठला?
बावीस वर्षं मी उत्तर टाइप करतेय.
श्रीलंका. बांगलादेश. नेपाळ. पुन्हा श्रीलंका.
रकान्यात मावेल एवढाच देश,
खाली सही, बाजूला गोल शिक्का,
आणि शंभरावर शंभर लागणारी ड्यूटी
ओल्या फडक्याने पाटी पुसावी तशी नाहीशी.

केनिया शेठ म्हणतात, कुंदाबेन, शेजारी आहे,
वाटीभर साखर नेली तर कोणी पावती फाडतं का?
मी हसते.
वाटी चाळीस फुटी असते,
न्हावाशेव्याला उतरते, चिंचबंदरला रिकामी होते.

खोटं कशाला बोलू, त्या वाटीतलंच खाल्लं मी.
निनादच्या डिप्लोम्याची फी,
आईच्या डोळ्यातलं भिंग, मुलुंडच्या खोलीचा शेवटचा हप्ता.
पलीकडे कोलंबोत निमल आहे.
त्याच्याकडे दालचिनी सोलणाऱ्या अकरा बाया होत्या, आता चाळीस.
फोटो पाठवतो: नव्या पत्र्याखाली ओळीने बसलेल्या,
एकीच्या मांडीवर झोपलेलं मूल.
इकडून रिक्षाचे सुटे भाग जातात, तापाच्या गोळ्या जातात,
भांडुपच्या कुठल्याशा गाळ्यातलं लेथ रात्रपाळीला फिरतं.
हे खरं आहे. शिक्क्याशिवायही खरं.

आणि इद्रिस मास्तर.
मदनपुऱ्यात त्याच्या सहा मशिनी शाळेचे शर्ट शिवायच्या.
आता एक उरलीय.
ढाक्याहून आलेले शर्ट तो आखूड करून देतो,
बाहीचे पन्नास, कमरेचे सत्तर.
शर्ट उलटा करून दाखवतो, "टाका बघा ताई,
पोरीचा हात चांगला आहे."
कुठली पोर, त्याला ठाऊक नाही.
मला तिचा फक्त देश ठाऊक आहे.

गेल्या मंगळवारी सुपारीचा नमुना आला.
कागद नीट, शिक्का गोल, मूळ देश श्रीलंका.
मी श्रीवर्धनची. रोठा कातरत वाढलेली.
पर्समधून अडकित्ता काढला
(हो, अजून बाळगते, मॉलच्या दारात
एकदा त्याच्यापायी अर्धा तास उभी राहिलेय)
आणि एक खांड केलं.
आतली नक्षी बोलते.
पांढरं किती, तांबडं किती, रेषा कुठून फुटतात.
ही त्या बेटावर वाढलेली नव्हती.
कुठूनशी लांबून आली असावी,
रात्रभर टेकली, पोतं बदललं, नाव घेतलं, निघाली.
मीही मूळची दिवेकर, सही खातू म्हणून करते.
पण मला कोणी ड्यूटी माफ केली नव्हती.

शेठ म्हणाले, आपण कागद बघायचा, सुपारी नाही.
कागदात खोट नव्हती.
मी कोपऱ्यात पेन्सिलीने 'तपासावे' लिहिलं,
मग खोडरबर शोधलं,
मग शोधायचं थांबवलं.
जेवायची सुट्टी झाली.

रविवारी दोन खांडं रुमालात बांधून गावी नेली.
वादळात आडव्या झालेल्या पोफळींच्या जागी
मोरूदादाने नवी रोपं लावलीत.
त्याच्या खांद्याला लागतात आता,
फळायला अजून दोन-तीन वर्षं.
तो बराच वेळ चघळत राहिला.
"बरी आहे गं. आपल्यापेक्षा कोरडी, पण बरी."
मग म्हणाला, "काय भाव?"
मी सांगितला.
थुंकायला म्हणून तो वळला,
आगराकडे बघत राहिला,
आणि गिळली.
"ज्याने पिकवली," म्हणाला,
"त्याच्या तरी हातात काय पडत असेल?"

निघताना त्याने शेरभर रोठा पिशवीत घातला,
शेठसाठी म्हणून.

सोमवारी फाईल आतल्या केबिनमध्ये गेली.
'तपासावे' अजून पेन्सिलीतच होतं.